तीनशे फेऱ्यांचा चुना

मारायचं तर तवाच मारायचं होतं, आबा. एरवी तुमचा हात कुठं थांबायचा? चुन्यात खडा सापडला की थापीची मूठ पाठीत, घमेलं तिरकं धरलं की कानफटात. ओळंबा भिंतीला आपटला म्हणून एकदा तर तुमी मला परांचीवरून लाथ घालून खाली पाडलं आन् आई खालून म्हणत होती, मरंल की वो तो. त्या माराचं मला काही म्हणायचं न्हाई. तो मी खाल्ला आन् पचवला. पण ज्या एका गुन्ह्यासाठी माझी हाडं मोडली असती तरी कमीच पडलं असतं, त्या दिवशी तुमी हात मागं घेतला. माझी चोरी स्वतःच्या अंगावर घेतली, गावच्या सोसायटीच्या दारात वहाणा खाल्ल्या, आन् गूळचोर हे नाव घेऊन मेलात. मला न विचारता हे काहून केलं? इतकी वर्सं झाली, हे भांडण मी एकटाच भांडतोय आन् तुमी एका शब्दानं उत्तर देत न्हाई. जित्तेपणी बी देत नव्हतात, ते एक सोडा.

हे आज कागदावर काढायचं कारण असं की, मागच्या आठवड्यात मी एका माणसाचा हात मोडला. माझी शाळा चौथीपातुर झाली, तुमाला तर अक्षर वळखू येत नव्हतं, म्हणजे लिहिणारा बी तसलाच आन् वाचणारा बी. तरी लिहितो.

मी हितं कर्नाटकात, चिकमगळूरच्या वरच्या डोंगरात, एका कॉफीच्या मळ्यावर हाय. मुकादमानं आमाला सोळा जणांना आणलं ते पाडायच्या कामाला. मळा गोऱ्या साहेबाच्या वक्ताचा. शेंड्यावर बंगला, चारी बाजूंनी पडवी, आत थंडीसाठी भिंतीतच जाळ करायची जागा. बंगल्याच्या खाली उतारावर दगडी हौद, एकाखाली एक. वरून ओढ्याचं पाणी सोडलं की कॉफीची फळं सोलून, धुऊन, आपसूक खालच्या हौदात येऊन पडतात. त्याच्या खाली बिया वाळवायचं खळं, आपल्या ज्वारीच्या खळ्याच्या दहापट, चुन्यानं घोटून असं केलेलं की पाऊस पडून गेल्यावर त्याच्यात आभाळ दिसतं. खळ्याच्या कडेला गोदाम. जांभ्या दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आतली लाकडाची जमीन कंबरभर वर उचललेली म्हणजे मालाला ओल लागू नये, खिडक्या अगदी कौलांना चिकटून म्हणजे वारं यावं आन् पाणी येऊ नये. आन् सगळ्यात खाली मजुरांच्या लायनी. त्या तेवढ्या मातीत बांधलेल्या, दर पावसाळ्यात कुठं ना कुठं ढासळतात. कुठली भिंत कशात बांधली ते बघितलं की साहेब कुठं राहत होता आन् गडी कुठं, ते विचारावं लागत न्हाई.

मळ्याची मालकीण एक म्हातारी हाय, सगळे तिला अम्मा म्हणतात. नवरा गेलेला, पोरं बंगळूरला. पोरांना जुनं गोदाम नको, तिथं सिमेंटचं पाहिजे. पहिला घण मीच घातला. तुमाला सांगतो आबा, तो घण उसळून माघारी आला आन् माझ्या कपाळाच्या बोटभर बाजूनं गेला. दोन दिवसांत तीन दांडे मोडले, एका गड्याचं मनगट सरकलं, आन् भिंतीवर नुसते पांढरे ओरखडे. मुकादम आमच्या आईबहिणी काढतोय, वरून म्हणतोय की बीडची माणसं म्हणून लई नाव ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला एक चिरा पहारीनं निघाला, तर दगड मधून फुटलेला आन् चुना तसाच अखंड. मी त्या चुन्याचा तुकडा उचलला आन् दाढेखाली धरला, तुमी धरायचा तसा. कणी लागली न्हाई. नुसतं गुळगुळीत. आन् मला तिथं, घण टाकून, खाली बसावं लागलं.

अम्मा काठी टेकत आली आन् मोडक्या हिंदीत इचारलं, का थांबला. मी म्हणलो, अम्मा, याचे फेरे पूर्ण झालेत. तिला ते कळलं न्हाई. मग मी तिला घाणी समजावून सांगितली, जमिनीवर बोटानं गोल काढून. हा गोल चर, त्याच्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला जू, जुवाला बैल, चरात कळीचा चुना आन् रेती आन् गुळाचं पाणी. जितके फेरे जास्त तितका चुना लोण्यासारखा. तिनं इचारलं, तुला येतं का? मी हो म्हणलो. तुमची विद्या मला येते असं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं तिथल्या तिथं पाडकाम बंद केलं आन् गोदामाची, हौदांची दुरुस्ती माझ्याकडं दिली. पाडायचा ठेका बुडाला म्हणून मुकादमानं मला सगळ्यांसमोर बांबूनं बडवलं. मी खाल्ला मार. त्याच्यावर हात टाकला असता तर सोळाच्या सोळा जण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आले असते.

पण त्या चुन्याच्या तुकड्यानं मला सरळ आपल्या दुष्काळात नेऊन टाकलं. सिमेंटला परमिट लागायचं, ते मिळत न्हाई, आन् सोसायटीला खताच्या अन् धान्याच्या पोत्यांसाठी गोदाम तर पाहिजे. मग चेअरमनला तुमी आठवले. तुमी धर्मापुरीच्या जुन्या देवळाच्या दगडांमधल्या दरजा भरून आलते, तालुक्यात तुमच्या चुन्याचं नाव होतं. सोसायटीनं चुना दिला, रेती दिली, आन् चुन्यात घालायला गुळाच्या दोन ढेपा दिल्या. गाव रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खातंय, त्या बी अर्ध्या पोटी, आन् तुमी सगळ्यांच्या देखत आख्खी ढेप फोडून पाण्यात विरघळवताय. बाया घाणीपाशी येऊन नुसता वास घ्यायच्या. एक म्हातारी म्हणाली, गवंडी, भिंतीला देतोस ते माझ्या नातवाला दे की रे. तुमी मान वर केली न्हाई. पाणी बी मोजून. नदीच्या डोहातून ट्रॅक्टरवर टिपाडं यायची आन् चेअरमन म्हणायचा, चुन्याला एकच टिपाड, बाकी माणसाला. तुमी म्हणलात, भागवतो.

बैल तुमी पाडव्याच्या आधीच विकलते. मग जू माझ्या खांद्यावर आलं. मी सतरा वर्सांचा. उन्हात ते दगडी चाक ओढायचं, एका घाणीला तीनशे फेरे. आन् तुमची रीत अशी की मोजणी ओढणाऱ्याचीच. एका फेऱ्याला एक खडा, या ढिगातून त्या ढिगात, आन् तो ओढणाऱ्यानंच टाकायचा. दुसऱ्यानं मोजायचं न्हाई, बघायचं बी न्हाई. चुना ओढणाऱ्यावर विश्वास न्हाई तर भिंतीखाली झोपायचं कशाला, असं तुमी म्हणायचात. पहिल्या चार-पाच घाण्या मी इमानानं ओढल्या. खांद्याची सालं गेली, जुवाला रक्त लागायचं आन् त्याच्यावर माश्या. मग एका दुपारी तुमी भिंतीवर होतात, माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, आन् मी एका फेऱ्याला दोन खडे टाकले. काहीच झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी तीन टाकले. शेवटच्या आठवड्यात तर मी ओंजळीनं खडे सारत होतो आन् सावलीला बसत होतो. कच्ची कळी त्या चुन्यात तशीच राहिली, हरभऱ्याएवढी, डाळीएवढी. तुमी थापी मारताना एकदा थांबलात, बोटानं काहीतरी चोळून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी जू खांद्यावर घेऊन उभा राहिलो. तुमी पुढचा थर घातला.

पुढच्या साली पाऊस लागला. लोक पेढे वाटत होते आन् आपलं गोदाम फुगत होतं. कच्च्या कळीला पाणी पोचलं की ती भिंतीतल्या भिंतीत फुलते, हे तुमीच मला शिकवलतं. भर दुपारी मागची भिंत पोट फाडावं तशी फुटली आन् पोत्यांसकट खाली आली. खाली राखणदार भाकर खात बसलता. त्याला आम्ही ओढून काढला तवा त्याच्या हातात तुकडा होता आन् डावा पाय गुडघ्यापासून नुसता लोंबत होता, चुन्यानं पांढरा. तो ओरडत नव्हता. माझा पाय कुठंय, एवढंच इचारत होता. बीडच्या दवाखान्यात तो पाय कापला.

दुसऱ्या दिवशी तुमाला सोसायटीच्या ओट्यावर बोलवलं. बाजाराचा दिवस होता. चेअरमननं पायरीवर चुन्याचा ढेकळा ठेवला आन् त्याचा पुतण्या म्हणाला,

"गूळ किती खाल्ला बे, गवंडी?"

तुमी वाकून तो ढेकळा उचलला. मुठीत दाबला, तो फुटला, आन् आतून पांढरी कळी निघाली. तुमी ती हातावर घेऊन बघत राहिला. मी लोकांच्या मागं उभा होतो. तुमी मान वळवून मला बरोब्बर शोधलं. तवा तुमाला बोलता आलं असतं, आबा. चुना मी मळला न्हाई, पोरानं मळला, असं म्हणता आलं असतं. पाणी चेअरमननं तोडलं, हे बी म्हणता आलं असतं, ते तर खोटं बी नव्हतं. तुमी म्हणलात,

"चुना माझ्या हातचा हाय."

मग पुतण्यानं पायातली वहाण काढली. पहिली तोंडावर, दुसरी तोंडावर, मग दोघा-तिघांनी खाली पाडून लाथा. पटका सुटून चिखलात गेला. ज्या म्हातारीनं नातवासाठी गूळ मागितलता, ती पुढं आली आन् तुमच्यावर थुंकली. गूळचोर, असं पहिल्यांदा तीच म्हणाली. तुमी हात वर केला न्हाई, डोकं सुद्धा झाकलं न्हाई. मी एक पाऊल पुढं टाकलं आन् थांबलो. ते पाऊल मला आज बी मोजता येतं.

घरी आलो. आई तुमच्या ओठाला हळद लावत होती. तुमी मला बोलावलं आन् हळू आवाजात इचारलं,

"किती फेरे झालते?"

मी म्हणलो, "तीनशे."

तुमी म्हणलात, "बरं."

एवढंच. थापी कोपऱ्यात होती, हाताच्या अंतरावर. मी पाठ पुढं करून उभा होतो. तुमी आईला म्हणलात, भाकर वाढ त्याला. त्या दिवसापासून मरेपातुर तुमी माझ्या अंगाला बोट लावलं न्हाई. तुमाला चुन्याचं काम कुणी दिलं न्हाई. तुमी रस्त्यावर खडी फोडली, खोकला लागला, चार वर्सांत गेलात. शाळेतली पोरं माझ्या धाकट्या बहिणीला गूळ पाहिजे का म्हणून चिडवायची. सोयरीक मोडली तिची, तवा बी हेच नाव निघालं. आन् मी मुकादमाच्या गाडीत बसून गाव सोडलं. साखर कारखाना, धरण, पूल, कुठंच वर्सभर टिकलो न्हाई. चुन्याच्या कामाला मात्र हात लावला न्हाई, या मळ्यावर येईपातुर.

आता इथलं ऐका. गोदामाच्या कोपऱ्याला आन् खालच्या हौदाला मी चुना लावत होतो. घाणी नवी बांधली, अम्मानं बैल दिले. माझ्या हाताखाली आपल्याच तलवाड्याचा एक गडी होता, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ, कामाचा वाघ. गडी अजून मुकादमाचेच, आन् त्याला घाई. चुना वाळायला महिने लागतात, त्याला दिवाळीच्या आत हिशेब करून दुसऱ्या कामावर गँग न्यायची. त्यानं त्या गड्याला गाठून सांगितलं की घाणीत गुपचूप सिमेंट टाक, लवकर धरतं. आता सिमेंट कुठं बी मिळतं. पण जुन्या चुन्यावर ते चालत न्हाई, आबा. भिंतीची ओल आत कोंडते आन् गिलावा दगडाचं कातडं घेऊन सुटतो. त्या हौदाची भिंत सुटली तर सगळं पाणी सरळ खालच्या लायनींवर, जिथं माणसं लेकराबाळांसकट राहतात. सकाळी मी गिलाव्यावर हात फिरवला आन् मला रंग निळसर दिसला. गड्याला बोलावलं. इचारलं, किती सिमेंट टाकलं? तो म्हणाला, एक बी घमेलं न्हाई. त्याच्या नखांत राखाडी रंग भरलेला.

फावड्याचा दांडा माझ्या हातात कवा आला ते मला सांगता येणार न्हाई. पहिला तडाखा पाठीत बसला, तो पडला. दुसरा त्यानं हातावर घेतला आन् हाड मोडल्याचा आवाज आला, वाळलं सरपण मोडावं तसा. तरी मी थांबलो न्हाई. मी त्याला इचारत होतो, किती टाकलं, सांग किती टाकलं, आन् मारत होतो. तो ओरडून सांगत होता, दोन गोण्या, दोन गोण्या टाकल्या, आन् मी मारत होतो. चौघांनी मला धरून मागं ओढलं तवा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आन् वर खळ्यावर मुकादम सिगारेट ओढत उभा होता. त्याला मी काही केलं न्हाई. मारायला मला हाताखालचाच सापडला. आन् आबा, मारताना मला हलकं वाटत होतं.

अम्मानं जीप दिली. दवाखाना वीस मैल खाली, नुसती वळणं. तो मागं आडवा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. निम्म्या वाटेत त्यानं डोळे उघडले आन् इचारलं,

"तुझा बाप बी असाच मारायचा का बे?"

मी म्हणलो, मारायचा. पण जवा मारायला पाहिजे होतं तवा मारलं न्हाई. आन् मग मी त्याला सगळं सांगितलं. खडे, ओंजळ, भिंत, राखणदाराचा पाय, वहाणा, तुमचं ते 'बरं'. आईला न सांगितलेलं, मी ज्याचा हात मोडला त्याला सांगितलं. तो ऐकत होता का बेशुद्ध होता ते कळत नव्हतं. दवाखाना आला तवा तो म्हणाला, म्हंजी माझा हात तुझ्या त्या फेऱ्यांपायी गेला म्हण. आन् हसायला गेला तर दातातून रक्त आलं. डॉक्टरनं कसं झालं इचारलं तवा तोच म्हणाला, परांचीवरून पडलो. मी त्याला नको म्हणलो न्हाई. म्हणजे दुसऱ्यांदा कुणीतरी माझं अंगावर घेतलं, आन् दुसऱ्यांदा मी गप्प बसलो.

परत आल्यावर मी अम्माला सिमेंटचं सांगितलं, मुकादमाच्या तोंडावर. चार दिवस तो सगळा गिलावा छिन्नीनं काढला, नवी घाणी घातली, फेरे मी स्वतः बैलामागं चालून पूर्ण केले. मुकादम सात माणसं घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, तुझ्या गावात तुझं काय नाव हाय ते मला ठावं हाय.

तो तलवाड्याचा गडी हात गळ्यात बांधून उद्या सकाळच्या गाडीनं गावाकडं निघालाय. त्याचं घर आपल्या गावापासून तीन कोस. मी त्याला म्हणलो, राखणदार अजून जिता हाय, सोसायटीसमोरच कुबडी घेऊन बसतो असं ऐकलंय. त्याला पैसे दे. आन् बाजाराच्या दिवशी त्याच ओट्यासमोर, चार माणसं ऐकतील असं मोठ्यानं सांग, की गूळ सगळा चुन्यात गेलता, फेरे पोरानं चोरले. तो म्हणाला, मार बी मीच खायचा, आन् निरोप बी मीच न्यायचा? मग म्हणाला, परत सांग, चुकाय नको. मी परत सांगितलं. त्यानं दोनदा घोकलं, तुमचं नाव घेऊन, आन् म्हणाला, आता तर मला न्यावंच लागंल.

हा कागद मी त्याच्याकडं देणार न्हाई. तुमच्यापातुर तो नेऊ शकत न्हाई आन् दुसऱ्या कुणी वाचावा असा तो न्हाई. पण एक सांगायचं राहिलं. अम्मा मला म्हणाली होती, तूच जा, पंधरा दिवस गोदाम कुठं पळून जात न्हाई. मी तिला म्हणलो, चुना भिजत घातलाय, टाकून जाता येत न्हाई. ते खोटं होतं. भिजत घातलेला चुना जितका जास्त राहील तितका चांगला, हे तिला ठाऊक न्हाई, तुमाला हाय. मला त्या ओट्यासमोर उभं राहायची भीती वाटली, आबा. साठवलेले पाचशे होते, त्यातले चाळीस मी माझ्या बुटाला मोडले. राखणदाराला चारशे साठ रुपये पाठवतोय.